हातातला कप
आईच्या एका विनोदावर मी खळखळून हसले आणि हातातला कप सुटला, गुडघे वाकले. शुद्ध मात्र होती. फरशीवर पसरणारा चहा दिसत होता. ३९व्या वर्षी निदान झालं: नार्कोलेप्सी. मेंदूत जागं ठेवणारं हायपोक्रेटिन बनवणाऱ्या पेशीच गेलेल्या, बहुधा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं मारलेल्या. तोवर घरात मी नुसती झोपाळू.

१८८० मध्ये जेलिनो या फ्रेंच डॉक्टरनं ग्रीकमधून हा शब्द घडवला: बधिरता आणि झडप. मराठीत ‘अतिनिद्रा’ म्हटलं की झडप निसटते.

अनुवाद करताना डोळा लागतो, तरी हात लिहीतच राहतो. परवाच्या पानावरच्या दोन ओळी मूळ कादंबरीत नाहीतच. बऱ्या होत्या, पण खोडल्या.

आई हल्ली विनोद सांगण्याआधी माझ्या हातातला कप काढून घेते.