आकडा कुठल्या तापमानाचा?

जालन्याच्या एमआयडीसीत भट्ट्या आणि रोलिंग मिलची दाटी आहे. भट्टीवरचा धूर ओढणारा पंखा असो की तापलेल्या सळईवर मारायचं पाणी, प्रवाहाचं गणित संगणकावर मांडलं की समीकरणं सॉफ्टवेअर सोडवतं. हवा किती जड, पाणी किती दाट, हे मात्र आपणच सांगावं लागतं. या कामातलं खरं कसब तिथेच आहे, असं मी मानतो.

हवेचंच घ्या. अनेक सॉफ्टवेअरमध्ये तिची घनता आधीच भरलेली असते: घनमीटरला १.२२५ किलो. हा आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंश सेल्सिअसचा. जालना सुमारे ५०० मीटर उंचीवर. मे महिन्यात पारा ४० ला टेकला की इथली हवा घनमीटरला जेमतेम १.०६ किलो भरते. पंखा तेवढ्याच वेगानं फिरला तरी जाणारी हवा वजनानं तेरा टक्के कमी. पाणीही तसंच. त्याची व्हिस्कॉसिटी २० अंशांना १ मिलिपास्कल-सेकंद, तर ४० अंशांना ०.६५ च्या आसपास.

वितळलेल्या पोलादाची गंमत न्यारी. ते पाण्याच्या सातपट जड आणि व्हिस्कॉसिटीही साधारण सहापट. व्हिस्कॉसिटीला घनतेनं भागलं की दोघं जवळपास एकाच चालीनं वाहतात. म्हणूनच ओतकामातला प्रवाह अभ्यासायला जगभर पारदर्शक टाकीत साधं पाणी वापरतात. पण पोलादाचा पृष्ठताण पाण्याच्या वीसपटीहून जास्त. त्यामुळे बुडबुडे आणि स्लॅग यांचा प्रश्न आला की पाण्याची साक्ष पुरत नाही. त्यात हा पृष्ठताण थोड्याशा गंधकानंही झपाट्यानं उतरतो. इथलं पोलाद बरंचसं भंगारातून बनतं, म्हणून शुद्ध लोखंडाच्या तक्त्याआधी मी त्या हीटचा, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाचा, स्पेक्ट्रोमीटरचा रिपोर्ट मागतो.

नव्यानं या कामात येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रत्येक आकड्यासमोर तापमान, दाब, घटक आणि स्रोत लिहा. नेमका आकडा सापडलाच नाही, तर शक्य तितका कमी आणि शक्य तितका जास्त धरून गणित दोनदा चालवा. उत्तर हललं नाही, तर शोध थांबवा. हललं, तर नमुना घेऊन सरळ प्रयोगशाळा गाठा.