दोन ‘ये’

मी शाळेत गणित शिकवतो. काही वर्षांपूर्वी सहामाही परीक्षेच्या निकालाचे काम माझ्याकडे आले. नववीच्या दोन तुकड्या होत्या. दोन्ही वर्गशिक्षकांनी आपापल्या संगणकावर गुणांचे तक्ते उर्दूत तयार केले होते. ते तक्ते एकत्र करून एकच यादी लावायची होती.

माझा भाचा संगणकाचे शिक्षण घेतो. त्याने मला पायथन भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. पण काम सुरू होताच अडले. रकान्यांच्या शीर्षकांत कुठे टक्क्याचे चिन्ह होते, कुठे कंस, कुठे टिंब, तर कुठे आडवी रेघ.

भाचा हसून म्हणाला, “मामू, आपल्याला या साध्या खुणा वाटतात. पण प्रोग्रामला त्या कधी कधी आज्ञा वाटतात. ‘एकूण-ग्रेस’ असे शीर्षक दिले, तर तो एकूण गुणांतून ग्रेसचे गुण वजा करायला बसेल!”

मग त्याने आणखी गमती सांगितल्या. एक्सेलचा तक्ता अ‍ॅक्सेसला जोडला, तर शीर्षकातल्या टिंबाच्या जागी # असे चिन्ह येते. ‘आर’ नावाच्या भाषेत तक्ता वाचून घेतला, तर शीर्षकातल्या मोकळ्या जागी टिंब येते. म्हणजे आपण एक नाव द्यायचे आणि यंत्राने दुसरेच लिहायचे!

आम्ही सारी चिन्हे काढली. दोन शब्दांच्या मध्ये फक्त खालची रेघ ठेवली. प्रोग्राम न अडखळता चालला. ज्या जागा रिकाम्या होत्या, तेथे ‘गैरहजर’ असे छापले गेले. मी घाईने यादी फलकावर लावली.

दुसऱ्या दिवशी ब तुकडीतील एक मुलगी माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, “सर, मी इतिहासाचा पेपर दिला होता.”

मी म्हणालो, “यादी संगणकाने केली आहे. त्यात चूक कशी होईल?”

ती काही बोलली नाही. खाली मान घालून निघून गेली. पण माझे मन लागेना. मी मूळ तक्ता उघडला. इतिहासात त्या मुलीचे गुण वर्गात सर्वांत जास्त होते! मग पुन्हा यादी पाहिली. ब तुकडीतील प्रत्येक मुलाच्या नावापुढे इतिहासात ‘गैरहजर’ असेच छापले होते.

मुलांनो, तुम्हाला माहीत आहे, मराठीत ‘तारीख’ म्हणजे दिनांक. उर्दूत मात्र इतिहासालाही ‘तारीख’च म्हणतात. दोन्ही तक्त्यांत हेच शीर्षक होते. मी दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले. तसूभरही फरक दिसेना. शेवटी भाच्याने प्रत्येक अक्षराचा क्रमांक काढून पाहिला. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. अ तुकडीच्या तक्त्यात उर्दू ‘ये’ होता. त्याचा क्रमांक १७४०. ब तुकडीचा तक्ता अरबी कळफलकावर लिहिला होता. त्यातल्या ‘ये’चा क्रमांक १६१०. शब्दाच्या शेवटी अरबी ‘ये’खाली दोन नुक्ते दिसतात, त्यामुळे तो ओळखता येतो. पण ‘तारीख’मध्ये ‘ये’ शब्दाच्या मधोमध येतो. तेथे दोघांचे रूप अगदी सारखे. डोळ्यांना एकच शब्द, यंत्राला दोन! प्रोग्रामला ब तुकडीत ‘तारीख’ सापडलीच नाही. ‘काफ’ या अक्षराचेही असेच दोन क्रमांक आहेत.

आम्ही सर्व शीर्षकांतले अरबी ‘ये’ आणि ‘काफ’ बदलून उर्दू केले. शब्दांच्या पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा पुसल्या. जुनी व नवी शीर्षके एका कागदावर समोरासमोर लिहून ठेवली. नंतर प्रत्येक रकान्यात किती गुण भरले आहेत, ते मूळ तक्त्याशी मोजून पाहिले. तेव्हा कुठे नवी यादी छापली.

ती यादी घेऊन मी ब तुकडीच्या वर्गात गेलो. सर्वांसमोर त्या मुलीला म्हणालो, “बेटी, तुझे बरोबर होते. चूक माझी होती. मला माफ कर.” वर्ग शांत झाला. तिने मान वर केली आणि ती हसली.

दिसायला सारखी असलेली अक्षरे यंत्राला वेगळी वाटली, यात यंत्राचा काय दोष? त्याने दिलेले काम केले. रिकामी जागा दिसताच मूल गैरहजर होते असे मी मानले, हा दोष माझा. आता निकालाची यादी लावण्यापूर्वी मी शीर्षके तपासतो. आणि एखादे मूल “सर, माझे ऐका,” असे म्हणाले, तर आधी त्याचे ऐकतो.