कडेची पिवळी पट्टी

यंत्राचा वेग आकड्यांत मोजावा, आलेख म्हणजे साहेबांपुढे घालायची रांगोळी, असं माझं पक्कं मत होतं. मगरपट्ट्याच्या कचेरीत सर्व्हरवर नजर ठेवणं हे माझं काम. पडद्यावरची रेघ वर उसळली की सहकारी धावायचे. मी बसल्या जागेवरून सरासरी विचारायचो. यात घमेंड होती. खरं सांगायचं तर आलेख वाचण्याचा मला कंटाळा होता आणि त्या कंटाळ्याला मी तत्त्व म्हणत होतो.

मांजरीत घरी एक डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे, सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रमची परवान्याने भारतात निघालेली आवृत्ती. ४८ केबी मेमरी, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर. त्यावर मी एक गेम लिहीत होतो आणि तो मधूनच अडखळायचा. इतक्या लहान यंत्रावर आलेख काढला तर निम्मा वेळ आलेखच खाईल, अशी माझी खात्री.

जुने गेम लिहिणारे मात्र चित्राभोवतीची कड वापरत. काम सुरू होताना कडेचा रंग बदलायचा, संपलं की पुन्हा काळा. टीव्हीचं एक चित्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ३१२ ओळींनी वरून खाली आखलं जातं. काम जितका वेळ चालेल, तितक्या ओळींची कड रंगते. एका चित्राला प्रोसेसरचे ६९,८८८ ठोके मिळतात; रंग बदलायला त्यातले जेमतेम अठरा-वीस लागतात. म्हणजे आलेख जवळजवळ फुकट!

चित्रं हलवण्याला लाल रंग दिला, गुण छापण्याला पिवळा. लाल पट्टी बोटभर, स्थिर. पिवळी एरवी दिसतच नव्हती. पण गुण वाढले की ती एकदम ताणायची, खालच्या कडेबाहेर जायची आणि पुढच्या चित्रात घुसायची. गेम नेमका तेव्हाच अडखळायचा. मी बघतच राहिलो. गुण क्वचित बदलतात, त्यामुळे सरासरीत हे कधी आलंच नसतं. रात्री जागून मी घासत होतो तो लाल भाग निर्दोष होता. दोष होता रॉममधल्या तयार छपाईचा, जिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

बदललेला अंक तेवढाच स्वतः काढायला लागल्यावर पिवळी पट्टी आखडली. आणि कचेरीत किती वेळा ‘सरासरी ठीक आहे’ म्हणून मी लोकांच्या तक्रारी परत पाठवल्या, ते आठवून ओशाळलो.

सरासरी मी अजून विचारतो. पण आधी आलेखाचं सर्वांत उंच टोक बघतो.