थॅलिशिया आणि ज्वारीचे पाच धांडे

इलियडच्या नवव्या सर्गात एक उपकथा येते. कॅलिडॉनचा राजा ओइनिअस सुगीला साऱ्या देवांना त्यांचा वाटा देतो; एकट्या आर्टेमिसचा राहून जातो. तो विसरला की त्याच्या ध्यानीच आले नाही, हे होमर मोघम ठेवतो. देवी मात्र मोघम राहत नाही. ती रानडुक्कर धाडते आणि ते फळबागा मुळासकट उपटून टाकते. नव्या पिकाच्या या नैवेद्याला ग्रीक लोक 'थॅलिशिया' म्हणत. पुढे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात थिओक्रिटसने आपले सातवे गोपगीत याच सणावर रचले. त्याच्या शेवटी कोस बेटावरच्या खळ्यात धान्याची रास आहे आणि दोन्ही हातांत कणसे व अफूची बोंडे घेतलेली डेमेटर हसते आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आणली. आज ग्रीसमध्ये त्या देवांचे उपासक पुन्हा आहेत. 2017 साली तेथील शासनाने त्यांच्या धर्माला मान्यताही दिली. परंपरा मध्येच तुटलेली असल्याने त्यांना आपले सण जुने ग्रंथ आणि शिलालेख वाचून उभे करावे लागतात. आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना याचा किंचित हेवा वाटतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कवितेवरून सण मांडणारी माणसे अजून आहेत तर!

आमच्या वऱ्हाडात नेमके उलटे आहे. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीत भुलाबाई कधी तुटलीच नाही. भाद्रपद पौर्णिमेला भुलोजी-भुलाबाई बसतात, महिनाभर मुली घरोघर गाणी म्हणतात, झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात, आणि कोजागरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव करून त्याखाली या जोडप्याची पूजा होते. शंकर-पार्वती हे त्यांचे पुराणातले नाव. आम्हांला तो मांडव पाहून ती शिवारातलीच माणसे वाटत आली आहेत. ग्रीकांशी नाते जोडण्याचा मोह येथे होतो. तो आम्ही आवरतो. सुगी सर्वत्र असते, तेवढे साम्य पुरे.

प्रश्न वेगळाच आहे. मांडव ज्वारीचा, आणि शिवार सोयाबीनचे. गेल्या तीन-चार दशकांत वाशीम जिल्ह्यातली खरिपाची ज्वारी मागे हटली. कोजागरीच्या सुमारास गावात मळणीयंत्रांचा धुरळा असतो. तीही सुगीच, परंतु तिचे धान्य थेट बाजार समितीत जाते. ते भाकरीत येत नाही, त्याचा कडबा होत नाही. शेजारच्या एका आजींना आम्ही विचारले, नवे पीक सोयाबीनचे, मग मांडवही त्याचाच का नको? त्या हसल्या. "मांडीएवढं झाड ते, सर. त्याचा मांडव उभा राह्यते का बाप्पा?"

या उत्तरापुढे आमची प्रतीकमीमांसा लंगडी पडली. भुलाबाईची गाणी संकलनांत येतात, त्यांतल्या सासर-माहेरावर प्रबंध होतात, आम्हीही विद्यार्थ्यांना ती गोळा करायला धाडतो. वह्यांत पाठभेद असतात, चालींचे उल्लेख असतात. धांडे कोठून आणले, हे कोणी लिहीत नाही. गाणे पुस्तकात टिकेल आणि उद्या कोणी ग्रीकांसारखे ते वाचून सणही पुन्हा मांडील. ज्वारी मात्र पेरावीच लागते. लोकसाहित्याच्या अभ्यासात शब्दांना जे झुकते माप मिळत आले, त्याचा हा तोटा आम्हांला गंभीर वाटतो.

आजींच्या मुलाने यंदा धुऱ्याच्या कडेला ज्वारीचे दोन तास पेरले होते. पाखरांनी निम्मी कणसे नेली. उरलेले धांडे कोजागरीच्या दुपारी मुली मागायला आल्या, तेव्हा पाच-पाचाच्या जुड्या बांधून ओसरीवर उभ्या करून ठेवलेल्या होत्या. शेवटच्या घराला चारच मिळाले.