जुना सांधेवाला

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या सडकेवर आमचें आंजी (मोठी) हें गांव आहे. शाळा सुटल्यावर एस. टी. नें घरीं यावें, चहा घ्यावा आणि दिवेलागणीस संगणकापुढें बसावें, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ. 2026 च्या जानेवारीअखेर एके सायंकाळीं त्यांत विघ्न आलें. कळ दाबली, आंतील पंखा फिरूं लागला, पण पडदा काळाच राहिला आणि त्यावर इंग्रजींत दोन ओळी उमटल्या. पहिलीचा भावार्थ 'असा विभाग येथें नाहीं' असा होता. दुसरींत 'ग्रब रेस्क्यू' एवढींच अक्षरें आणि त्यांपुढें लुकलुकणारी एक रेघ.

त्या यंत्रांत काय होतें, हें सांगितल्यावांचून माझी अवस्था वाचकांस कळणार नाहीं. याच वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं मुलांनीं लिहिलेले एकतीस लेख मीं महिनाभर रात्रीं बसून टंकित केले होते. हस्तलिखितें ज्याचीं त्यास परत दिलीं होतीं. त्यांतलीं कितीक एव्हांना चुलींत गेलीं असतील तें प्रभु जाणे. तिसऱ्या दिवशीं मजकूर छापखान्यांत द्यावयाचा होता. दुसरी प्रत कोठेंही नव्हती. ती कां नव्हती, हें विद्यार्थ्यांनीं कृपा करून विचारूं नये. नीटनेटकेपणावर मीं वर्गांत दिलेलीं व्याख्यानें त्यांच्या स्मरणांत असतील.

आतां या यंत्राचा पूर्ववृत्तांत. त्यांत दोन कार्यप्रणाली नांदतात. एक विंडोज दहा, जिच्यावर शाळेचे सर्व कागदपत्र होतात. 2025 च्या ऑक्टोबरांत तिचा पाठिंबा संपणार आणि माझें जुनें यंत्र पुढील आवृत्तीस पात्र नाहीं, असें कळलें, तेव्हां आमच्याच शाळेंतून दहावी होऊन वर्ध्यास शिकत असलेल्या, आमच्याच गांवच्या एका मुलानें सुचविलें कीं, शेजारीं लिनक्स बसवून पाहावें. हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें 1991 सालीं आरंभिलेलें हें काम आज जगभर चालतें, आणि पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेनेंही 'बॉस' नांवाची त्याची एक भारतीय आवृत्ति सिद्ध केली आहे, हें सर्व त्यानें मला एका दमांत ऐकविलें. शिष्यानें गुरूस शिकवावें यांत मला आनंदच वाटला. उन्हाळ्याच्या सुट्टींत त्यानें जुन्या डिस्कवर प्रयोग केला. दिवाळींत मीं नवी, वेगवान डिस्क घेतली, तेव्हां दोन्ही प्रणाली तिच्यावर नेल्या आणि जुनी डिस्क केवळ कोठारासारखी ठेविली. मुलांचे लेख त्या कोठारांत होते.

तरीही मनांत एक अढी होतीच. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, आणि दोन धन्यांच्या चाकरीविषयीं पवित्र शास्त्र काय म्हणतें तें मला पाठ आहे. शिवाय 2024 च्या ऑगस्टांत मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-सुधारणेमुळें दोन प्रणाली असलेल्या अनेक यंत्रांवरील लिनक्स सुरू होईनासें झालें होतें, ही बातमी मीं वाचली होती. तीवरून मीं एवढाच बोध घेतला कीं, असा शेजार घातक. आणि दोष मात्र नव्या बिऱ्हाडकरूचा ठरविला. त्या काळ्या पडद्यावर 'ग्रब' हें लिनक्सकडचें नांव पाहतांच माझा निवाडा होऊन गेला. मीं त्या मुलाच्या वडिलांस दूरध्वनि केला आणि, सांगावयास लाज वाटते, 'तुमच्या चिरंजीवांनीं माझ्या यंत्राचा आणि एकतीस लेंकरांच्या श्रमांचा सत्यानाश केला' असें बोलून गेलों. ते शेतकरी गृहस्थ एवढेंच म्हणाले, "पाठवतो गुरुजी त्याले."

दरम्यान एका दुरुस्तीवाल्यास विचारलें. 'फॉरमॅट करून देतों, तासाभरांत नवें होईल,' असें उत्तर आलें. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणें. मी तेंही कबूल करण्याच्या बेतांत होतों, इतक्यांत सायकल अंगणांत लागली.

"सर, फॉरमॅटचं नांव नका काढू जी," मुलगा म्हणाला. "आधी लेख बाहेर काढू. मंग काय बिघडलं ते पाहू."

त्यानें खिशांतून एक पेनड्राइव्ह काढला. त्यावर अख्खें लिनक्स होतें आणि तें डिस्कांस हात न लावतां तेथूनच चालत होतें. पांच मिनिटांत कोठार उघडलें. एकतीसच्या एकतीस लेख जागच्या जागीं होते! त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर व एक माझ्या मोबाइलवर जाईपर्यंत त्यानें दुसरा शब्द काढला नाहीं. मग पुन्हां तो काळा पडदा आणून त्यानें 'एल' व 'एस' हीं दोनच अक्षरें टंकिलीं. दोन्ही डिस्कांचे विभाग ओळीनें दिसले. "दोघी बी जित्या आहेत," तो म्हणाला, "फक्त वाट चुकली."

ही वाट म्हणजे काय, तें त्यानें मला सांगितलें तसें सांगतों. वीज मिळतांच यंत्रास आपली प्रणाली कोठें आहे हें ठाऊक नसतें. पाटावरील एका चकतींत लिहिलेला लहानसा कार्यक्रम जागा होतो, कोणती डिस्क प्रथम पाहावयाची ही नोंद वाचतो, आणि त्या डिस्कच्या आरंभींचे केवळ 512 बाइट उचलतो. त्यांतले पहिले 446 आज्ञांचे, पुढचे 64 विभागांच्या नकाशाचे, शेवटचे दोन खुणेचे. युनिकोडच्या प्रचलित पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे त्या 446 बाइटांत मराठींत लिहूं गेल्यास दीडशें चिन्हेंही मावावयाचीं नाहींत. एवढ्याशा जागेंतला कार्यक्रम आपल्याहून मोठ्या कार्यक्रमास हांक मारतो, आणि तो विचारतो, 'विंडोज कीं लिनक्स?' यासच बूटलोडर म्हणतात. एरिक बोलेन यांनीं 1995 सालीं आरंभिलेला 'ग्रब' हा त्यांतलाच एक. (अलीकडील यंत्रांत ही रचना निराळी, त्यासाठीं एक छोटा स्वतंत्र विभाग राखलेला असतो, माझें यंत्र जुन्या वळणाचें.)

वर्धा जंक्शन पाहिलेल्या मुलांस हें लवकर समजेल. मुंबईकडून आलेली गाडी नागपुराकडे न्यावयाची कीं बल्लारशाकडे, हें सांध्यावर ठरतें. बूटलोडर हा सांधेवाला. तो नसला तर इंजिन, डबे, उतारू सर्व ठाकठीक असूनही गाडी उभीच.

परंतु माझ्या यंत्रांत सांधेवाला होता, मग अडलें कोठें? मुलानें यंत्र सुरू होतांना एक कळ दाबून ठेविली आणि नोंदींचें पान उघडलें. तेथें तारीख होती 1 जानेवारी 2009, आणि 'प्रथम' म्हणून लिहिलेली डिस्क होती जुनी! तिच्यावरील लिनक्सचा विभाग दिवाळींतच काढून टाकला होता. पण आरंभींचे ते 446 बाइट कोणी पुसले नव्हते. पुलगांवाहून आर्वीस जाणारी छोट्या रुळांची गाडी 1917 सालीं सुरू झाली. ती बंद पडूनही आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. तेथें एखादा म्हातारा सांधेवाला अजून हिरवें निशाण घेऊन उभा असावा आणि चुकून एखादी गाडी त्याच्या हवालीं व्हावी, तसा हा प्रकार. तो बिचारा आपला मार्ग शोधीत होता, आणि मार्ग नाहीं असें खरें तेंच सांगत होता.

"सर, घड्याळ मागं पडत होतं का जी, इतक्यात?"

पडत होतें. आठ दिवस रोज पडत होतें, आणि रोज मी तें हातानें पुढें करीत होतों. दिवाळींत असेंच साडेपांच तासांचें अंतर पडलें होतें. यंत्रांतील घड्याळ लिनक्स जागतिक वेळेचें मानतें, विंडोज स्थानिक वेळेचें, आणि आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें. तें त्यानें तेव्हांच जुळवून दिलें होतें. आतांही तोच दोष उलटला असें मीं गृहीत धरलें. अंतर कधीं दोन तासांचें, कधीं सातांचें होतें, हें डोळ्यांनीं पाहूनही मनानें पाहिलें नाहीं. गणित शिकविणाऱ्या माणसाचें हें लक्षण!

त्यानें यंत्राची पेटी उघडून पाटावरचा एक नाण्यासारखा सेल काढला. त्यावर 'सीआर 2032' असें कोरलें होतें: 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड, असा त्या आंकड्यांचा अर्थ. वीज नसतांना घड्याळ चालविणें आणि नोंदी जपणें हें त्याचें काम. तीन व्होल्टांचा तो सेल पुरता उतरला होता. मी काटकसरीनें रोज रात्रीं भिंतीवरचें बटण बंद करतों, त्यामुळें सारी रात्र भार त्याच्यावर पडे. तो संपला, नोंदी विसरल्या गेल्या, आणि यंत्र मूळच्या क्रमानें जुन्या डिस्ककडे वळलें. लिनक्सचा दोष नव्हता, विंडोजचा नव्हता, मुलाचा तर नव्हताच.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्ध्याहून नवा सेल आणला. क्रम दुरुस्त होतांच दोन्ही प्रणाली पूर्ववत् उगवल्या. जुन्या डिस्कवरचे बाइट पुसतांना मुलानें मला मोजून दाखविलें: 446 च पुसावयाचे, 512 नव्हे, पुढच्या 64 वर घाव बसला तर कोठाराचा नकाशाच जाईल. लेख वेळेवर छापखान्यांत गेले. ते आपल्या हातीं आहेतच.

रविवारीं उपासनेहून परत येतांना मी त्या मुलाच्या घरीं गेलों. वडील ओसरीवर कापसाचें गाठोडें बांधीत होते. मीं क्षमा मागितली. ते म्हणाले, "त्याले काही सांगतलंच नाही गुरुजी. सरचं यंत्र बंद पडलं, जाऊन ये, इतकंच म्हटलं."

तेवढ्यांत मुलगा बाहेर आला. मीं त्यास समोर बसवून माझें दूरध्वनीवरचें बोलणें शब्दशः सांगितलें. तो कांहीं वेळ गाठोड्याच्या दोरीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, घड्याळ आता बरोबर चालते न जी?"

मीं सांगितलें, चालतें.