पुन्हा 'मी वसंतराव'

रात्री परत 'मी वसंतराव' लावला. २०२२ चा निपुण धर्माधिकारींचा सिनेमा. गायक वसंतराव देशपांड्यांच्या भूमिकेत त्यांचाच नातू राहुल. गायनाला राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच. तरी माझी नजर अनिता दातेने केलेल्या आईवरच. नागपुरात एकटीने पोर वाढवणारी ही बाई आम्हा नागपूरकरांना जरा जास्तच भिडते. वसंतरावांची शंकरराव सप्र्यांकडची गाण्याची तालीम इथलीच. सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला नाव वसंतरावांचंच. पुढे पुण्याला लष्करी हिशेब खात्यात खर्डेघाशी, आणि 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातले खाँसाहेब थेट १९६७ मध्ये, सत्तेचाळिशीत! मधला भाग रेंगाळतो, असं घरच्यांचं म्हणणं. रेंगाळू दे की! त्यांनी इतकी वर्षं फायली उपसल्या, आपल्याला तीन तास जड होतात?