वरचे टोक, खालचे टोक

इंग्लंडमधील जुनी वास्तू म्हटली की राजवाडे, किल्ले आणि चर्च एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु त्या देशाने शेतकऱ्यांची घरेही जिवापाड जपली आहेत. १८९५ मध्ये तेथे नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिने आपली पहिली इमारत विकत घेतली. ती इमारत म्हणजे आल्फ्रिस्टन गावातले मोडकळीस आलेले, गवताने शाकारलेले एक घर. किंमत दहा पौंड!

त्याच धाटणीचे दुसरे एक घर ससेक्समधील सिंगलटन येथे खुल्या संग्रहालयात उभे आहे. त्याचे नाव बे-लीफ. आमची पुतणी त्या भागात परिचारिका आहे. आम्ही उभयता तिच्याकडे गेलो असता तिने ते आवर्जून दाखविले. आम्ही पडलो कारकून, वास्तुशास्त्राचे आम्हाला काय कळणार? पण पाहता पाहता लक्षात आले की ते घर वाचता येते.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातले हे घर. सारा सांगाडा ओक लाकडाचा. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ आणि दोहोंतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. सांगाड्याचे बहुतेक जोड असे. कोणते लाकूड कोठे बसवायचे हे चुकू नये म्हणून सुतार त्यावर आकड्यांच्या खुणा कोरीत. मधल्या भिंती म्हणजे आपला कूडच! कामट्या विणायच्या आणि वरून माती, शेण व गवत यांचा गिलावा लिंपायचा. पुतणी हसून म्हणाली, "काका, साहेबाच्या घराला शेण लावलं होतं, हे गावी सांगितलं तर कुणाला खरं वाटेल का?"

घराच्या मध्यभागी छपरापर्यंत उघडे असलेले उंच दालन आहे. त्याच्या जमिनीवरच आगटी. धुराडे नाही, धूर छपरातल्या फटींतून वाट काढी. खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी गज आणि फळ्यांची झापे आहेत. दालनाच्या दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या असून त्यांचे वरचे मजले पुढे झुकलेले आहेत.

आता खरी गोष्ट पुढे आहे. त्या दालनाच्या एका बाजूस जाणकार लोक 'वरचे टोक' म्हणतात आणि दुसरीस 'खालचे टोक'. जमीन तर सपाट! मग वर कोण आणि खाली कोण? वरच्या टोकाला मालकाचे बाक व जेवणाचे मेज, त्यामागे त्याची बैठकीची खोली आणि माडीवर शयनगृह. खालच्या टोकाला येण्याजाण्याची दारे, वाऱ्याचा झोत आणि पावाच्या व पेयांच्या कोठ्या. नोकरचाकरांचा वावर तिकडे. माणसांची पायरी लाकडात आणि मातीत बांधून ठेवली होती. वरची आळी आणि खालची आळी ठाऊक असलेल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र एक फरक न्यायाने सांगितला पाहिजे. तेथील चाकर त्याच छपराखाली, त्याच दालनात जेवत. जन्मजात भूदासपणही त्या काळी मोडत आले होते. आपल्या गावगाड्यात टोक जन्माने ठरे आणि ते वेशीबाहेर असे.

साध्या शेतकऱ्याला एवढे भक्कम घर परवडले कसे, हा प्रश्न बी.कॉम. झालेल्या आमच्यासारख्याला पडणारच. १३४८ मध्ये इंग्लंडमध्ये प्लेगची महामारी आली आणि तिसरा हिस्सा, कदाचित अर्धी माणसे मेली. राबणारे हात कमी झाले, मजुरी वाढू लागली. ती दाबण्यासाठी राज्यकर्त्यांनी १३५१ मध्ये कायदा केला. पुढे १३८१ मध्ये नव्या करामुळे भडका उडून एसेक्स व केंटमधील शेतकरी-कामकरी थेट लंडनवर चालून गेले. उठाव चिरडला गेला, परंतु मजुरी पूर्वीच्या पातळीवर आली नाही. जमीन मुबलक झाली, कुळांच्या हाती दोन पैसे राहू लागले. त्यातून अशी घरे उभी राहिली. म्हणजे या घराच्या पायात श्रमाला आलेली किंमत आहे.

बे-लीफ मूळचे केंटमधील चिडिंगस्टोनचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथे लंडनजवळच्या भागाला पाणी पुरविण्यासाठी जलाशय झाला आणि घर त्याच्या वाटेत आले. तेव्हा त्याचे मोजमाप झाले, सांगाडा उतरवला गेला आणि इतिहासकार रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने झालेल्या या संग्रहालयात ते पुन्हा जोडले गेले.

हे ऐकताना आमच्या आत्याचे घर आठवले. तेही धरणात गेले. कुडाचेच होते. त्याच्या दाराची उंचीसुद्धा कोणी लिहून घेतली नाही. भरपाईच्या कागदावर एका ओळीत 'कच्चे घर' एवढाच शेरा होता. त्या कच्च्या घरात आत्याने पाच लेकरे वाढविली.

वाचक बंधू-भगिनींनो, साहेबाच्या शेणामातीच्या भिंतीला इतिहास म्हणतात, तर आपल्या भिंतीला का म्हणू नये? आपल्या घरांसाठी संग्रहालय उभे राहील तेव्हा राहो. या रविवारी मुलांना वहीचा एक कागद द्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसवा. जुन्या घराचा नकाशा काढून घ्या. चूल कोठे होती, जाते कोठे होते, पाणी किती अंतरावरून आणावे लागे, ते घर कोणाच्या हातांनी बांधले, हे विचारा. बांधणाऱ्याचे नाव अवश्य लिहा. बे-लीफच्या सुताराचे नाव आज कोणाला सांगता येत नाही; आपल्या आजोबांचे अजून सांगता येते.